महाविद्यालयीन क्रीडा : अर्थव्यवस्था व तरुण प्रेक्षकवर्ग

महाविद्यालये व विद्यापीठे यांच्या विद्यमाने विद्यार्थ्यांसाठी चालविल्या जाणाऱ्या संघटित खेळांना व स्पर्धांना ‘महाविद्यालयीन क्रीडा’ ही संज्ञा लावतात. महाविद्यालयांतर्गत सामने, आंतरमहाविद्यालयीन सामने, विभागीय आंतरविद्यापीठीय सामने आणि अखिल भारतीय आंतरविद्यापीठीय सामने अशा चढत्या पायऱ्या या क्रीडाव्यवस्थेत असतात. तिच्यावर होणारा खर्च कोणी सोसावा आणि खेळ पाहणारा तरुण वर्ग तिच्याशी कसा जोडलेला राहावा, हे दोन प्रश्न वरवर स्वतंत्र भासले, तरी ते परस्परांशी निगडित आहेत. ज्या खेळाला प्रेक्षक नाही त्याला प्रायोजक मिळत नाही, ज्याला प्रायोजक नाही त्याचा भार विद्यार्थ्यांच्या शुल्कावर पडतो आणि ज्या विद्यार्थ्याने तो सामना कधी पाहिलेलाच नाही त्याला हे शुल्क निरर्थक वाटते. प्रस्तुत नोंदीत या प्रश्नांचा विचार मुख्यतः महाराष्ट्राच्या, विशेषतः नागपूरच्या संदर्भात केला आहे.

ऐतिहासिक आढावा : विद्यार्थ्यांच्या सामन्यांना प्रेक्षकांचे व पैशाचे पाठबळ लाभण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकाइतकी जुनी आहे. इंग्लंडमधील ऑक्सफर्ड व केंब्रिज या विद्यापीठांमधील नौकाशर्यत प्रथम १८२९ मध्ये झाली. अमेरिकेत हार्व्हर्ड व येल यांच्यातील पहिली नौकाशर्यत १८५२ मध्ये झाली, तेव्हा खेळाडूंचा प्रवासखर्च एका रेल्वे कंपनीने उचलला होता. शर्यतीच्या निमित्ताने गाड्यांना उतारू मिळावेत, हा त्यामागील हेतू होता. महाविद्यालयीन क्रीडा प्रथम निर्मळ हौस होती आणि पुढे तिच्यात पैसा शिरला, ही सर्वसाधारण समजूत त्यामुळे पूर्णतः खरी ठरत नाही.

भारतात आंतरविद्यापीठ मंडळाची स्थापना १९२५ मध्ये झाली. १९७३ पासून हे मंडळ ‘भारतीय विद्यापीठ संघ’ या नावाने ओळखले जाते. आंतरविद्यापीठीय क्रिकेटला १९३५-३६ मध्ये रोहिंटन बारिया करंडक स्पर्धेने प्रारंभ झाला. हा करंडक मुंबईचे अर्देशिर दादाभॉय बारिया यांनी आपल्या दिवंगत पुत्राच्या स्मरणार्थ दिला होता. खाजगी देणगीतून उभी राहिलेली ही स्पर्धा पुढे कसोटी क्रिकेटची एक पायरी ठरली. सर्व खेळांत मिळून सर्वोत्तम कामगिरी करणाऱ्या विद्यापीठास देण्यात येणारा मौलाना अबुल कलाम आझाद करंडक १९५६-५७ मध्ये सुरू झाला आणि त्याचा पहिला मान मुंबई विद्यापीठाला मिळाला. पुढील काळात मात्र या करंडकावर पंजाबमधील विद्यापीठांचे वर्चस्व राहिले.

महाराष्ट्रात खेळाडूंच्या खर्चाचा भार दीर्घकाळ संस्थानिक, उद्योगपती व लोकवर्गणी यांनी उचलला. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी भारतीय खेळाडू पाठविण्याचा विचार पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांमधून पुढे आला आणि सर दोराबजी टाटा यांच्या पुढाकारामुळे तो तडीस गेला. विदर्भात अमरावती येथे १९१४ मध्ये स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखविण्यासाठी गेले होते. या मंडळाने पुढे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालयही चालविले.

महाविद्यालय व त्याचा खेळाडू यांच्या आर्थिक नात्याचे सर्वांत बोलके उदाहरण खाशाबा जाधव यांचे आहे. ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. १९४८ मध्ये लंडन ऑलिंपिकला जाण्यासाठी त्यांना कोल्हापूरच्या महाराजांचे साहाय्य मिळाले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या वेळी मात्र खर्चाची तरतूद होईना, तेव्हा महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. गावकऱ्यांनीही वर्गणी जमविली. जाधव यांनी या स्पर्धेत कुस्तीमध्ये कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. या घटनेचा गौरव नेहमी त्यागाची कथा म्हणून केला जातो. अर्थव्यवस्थेच्या दृष्टीने पाहता तिचा अर्थ निराळा आहे. गुणवान विद्यार्थ्याला स्पर्धेस पाठविण्याची कोणतीही नियमित तरतूद महाविद्यालयापाशी नव्हती, म्हणूनच प्राचार्यांना घर गहाण ठेवावे लागले.

उत्पन्नाची साधने : महाविद्यालयीन क्रीडेच्या उत्पन्नाचे भारतातील प्रमुख मार्ग पुढीलप्रमाणे आहेत : (१) विद्यार्थ्यांकडून घेतले जाणारे क्रीडाशुल्क, (२) विद्यापीठाच्या अंदाजपत्रकातील तरतूद, (३) केंद्र व राज्य शासनांची अनुदाने व शिष्यवृत्त्या, (४) उद्योगसंस्थांचा सामाजिक दायित्व निधी, (५) माजी विद्यार्थी व दानशूर व्यक्ती यांच्या देणग्या आणि (६) प्रायोजकत्व, प्रवेशमूल्य व प्रक्षेपणहक्क. यांपैकी पहिले दोन मार्ग सर्वत्र प्रचलित आहेत, तर शेवटच्या मार्गाने येणारे उत्पन्न आपल्याकडे नगण्य आहे.

क्रीडाशुल्क (याला अनेक ठिकाणी अजूनही ‘जिमखाना शुल्क’ म्हणतात) प्रवेशाच्या वेळी प्रत्येक विद्यार्थ्याकडून घेतले जाते. त्याचा काही भाग विद्यापीठाकडे जातो व उरलेला महाविद्यालयाकडे राहतो. त्याचे बळ किती असते, हे एका कल्पित उदाहरणावरून ध्यानात येईल. एखाद्या महाविद्यालयात २,००० विद्यार्थी आहेत व प्रत्येकाकडून वर्षाला १०० रुपये घेतले जातात, असे मानू. एकूण जमा २ लाख रुपये होते. त्यांतील ८० हजार रुपये विद्यापीठाला दिल्यास महाविद्यालयाकडे १ लाख २० हजार रुपये उरतात. महाविद्यालय १५ खेळांत भाग घेत असल्यास प्रत्येक खेळाच्या वाट्याला सरासरी ८ हजार रुपये येतात. आता बारा जणांचा कबड्डीचा संघ चार दिवसांच्या सामन्यांसाठी दुसऱ्या जिल्ह्यात गेला आणि प्रत्येकास दररोज ३०० रुपये भत्ता, ६०० रुपये प्रवासखर्च व ८०० रुपयांचा गणवेश द्यावयाचा ठरविला, तर केवळ या एका संघाचा खर्च ३१,२०० रुपये होतो. साहित्य, प्रशिक्षक, मैदानाची निगा व औषधोपचार यांचा हिशेब त्यात धरलेलाच नाही. ही तूट भरून काढण्याचे रूढ उपाय तीन : काही खेळ वगळणे, भत्ता कमी करणे किंवा खेळाडूने पदरचे पैसे घालणे. तिसरा उपाय सर्वांत सोपा व सर्वांत अन्यायकारक होय. कारण त्यामुळे संघाची निवड खेळाडूच्या कौशल्याऐवजी त्याच्या घरच्या ऐपतीवर होऊ लागते.

शासकीय साहाय्याचे स्वरूप गेल्या काही दशकांत बदलले आहे. १९९८ मध्ये राष्ट्रीय क्रीडा विकास निधी स्थापन झाला. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या खेलो इंडिया योजनेतून दरवर्षी निवडक एक हजार खेळाडूंना प्रत्येकी वार्षिक पाच लाख रुपयांचे साहाय्य आठ वर्षांपर्यंत देण्याचे ठरले. याच योजनेखाली विद्यापीठांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. तिचे पहिले सत्र भुवनेश्वर येथे फेब्रुवारी–मार्च २०२० मध्ये भरले आणि त्यात चंडीगढच्या पंजाब विद्यापीठाने विजेतेपद मिळविले. त्यानंतरची सत्रे बंगळुरू (२०२२), उत्तर प्रदेश (२०२३), ईशान्य भारत (२०२४) व राजस्थान (२०२५) येथे झाली. या योजनांचा भर निवडक गुणवंतांवर आहे. निवड होण्यापूर्वीच्या काळातील सर्वसाधारण खेळाडूचा भार अद्यापि महाविद्यालयावरच असतो.

कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ अन्वये ५०० कोटी रुपये नक्त मत्ता, १,००० कोटी रुपये उलाढाल किंवा ५ कोटी रुपये नक्त नफा यांपैकी कोणतीही एक मर्यादा गाठणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नक्त नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावयाची असते. ही तरतूद १ एप्रिल २०१४ पासून अंमलात आली. अधिनियमाच्या सातव्या अनुसूचीत ग्रामीण खेळ, राष्ट्रीय मान्यताप्राप्त खेळ, ऑलिंपिक व पॅरालिंपिक खेळ यांच्या प्रशिक्षणाचा समावेश आहे. त्यामुळे महाविद्यालयांना एक नवे दार उघडले. मात्र या निधीसाठी लेखी प्रकल्प, खर्चाचे टप्पे व फलिताचा अहवाल लागतो. क्रीडाशिक्षकाची एकच जागा असलेल्या, किंवा तीही रिक्त असलेल्या, लहान महाविद्यालयांना ही कागदोपत्री तयारी सहसा जमत नाही आणि निधी मोठ्या शहरांतील नामवंत संस्थांकडे वळतो.

महाराष्ट्रात विद्यापीठ पातळीवरील क्रीडाकार्य महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मधील तरतुदींनुसार क्रीडा व शारीरिक शिक्षण मंडळाकडे सोपविलेले आहे. राज्यातील विद्यापीठांसाठी कुलपतींच्या प्रोत्साहनाने ‘अश्वमेध’ हा आंतरविद्यापीठीय क्रीडामहोत्सव भरविला जातो. खेळाडूंना परीक्षेत मिळणारे वाढीव गुण आणि शासकीय सेवेतील पाच टक्के आरक्षण ही अप्रत्यक्ष स्वरूपाची उत्तेजने आहेत. पैशाच्या रूपात ती दिसत नसली, तरी अनेक मध्यमवर्गीय व ग्रामीण कुटुंबे मुलामुलींना खेळू देतात, त्यामागे त्यांचा मोठा वाटा असतो.

प्रेक्षकवर्ग : महाविद्यालयीन सामन्यांचा स्वाभाविक प्रेक्षक म्हणजे त्या महाविद्यालयाचा विद्यार्थी होय. त्यानंतर शाळकरी मुले, माजी विद्यार्थी व परिसरातील रहिवासी यांचा क्रम लागतो. आंतरमहाविद्यालयीन सामने बहुधा कामाच्या दिवशी, सकाळी किंवा भर दुपारी, एखाद्याच केंद्रावर उरकले जातात. त्यांचे वेळापत्रक महाविद्यालयांच्या क्रीडाशिक्षकांपर्यंत पोहोचते, पण विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचत नाही. परिणामतः मैदानावर दोन संघ, पंच व राखीव खेळाडू एवढीच मंडळी असतात. उत्तम खेळाडू आपल्याच वर्गबंधूंना अनोळखी राहतो.

तरुणांना खेळ पाहण्यातच रस उरलेला नाही, असा निष्कर्ष यावरून काढणे चुकीचे ठरेल. २००८ पासून सुरू झालेली भारतीय क्रिकेटची व्यावसायिक साखळी स्पर्धा तरुणांमध्ये अत्यंत लोकप्रिय आहे. त्याहून महत्त्वाचे उदाहरण कबड्डीचे आहे. हा देशी खेळ शाळा-महाविद्यालयांच्या मैदानांवर दीर्घकाळ खेळला जात होता, पण शहरी तरुण त्याकडे पाठ फिरवून होता. २०१४ मध्ये व्यावसायिक कबड्डी साखळी सुरू झाली. बंदिस्त क्रीडागृह, मॅटचे मैदान, संध्याकाळची वेळ, तीस सेकंदांची चढाई, सलग दोन चढायांत गुण न मिळाल्यास तिसऱ्या चढाईत गुण मिळविण्याची किंवा बाद होण्याची सक्ती आणि प्रत्येक खेळाडूची ओळख करून देणारे समालोचन यांमुळे तिला मोठा प्रेक्षकवर्ग लाभला. खेळाचा गाभा तोच राहिला, मांडणी बदलली. खोखोच्या बाबतीतही असाच प्रयत्न २०२२ पासून झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली येथे या खेळाची पहिली विश्वचषक स्पर्धा भरली.

आजच्या तरुणाची पाहण्याची रीत पूर्वीहून भिन्न आहे. संपूर्ण सामना एका जागी बसून पाहण्याऐवजी तो भ्रमणध्वनीवर निवडक क्षण पाहतो, ते मित्रांना पाठवितो, खेळाडूच्या दैनंदिन सरावात व वैयक्तिक वाटचालीत रस घेतो. संघापेक्षा खेळाडूशी त्याचे नाते लवकर जुळते. ही रीत महाविद्यालयीन क्रीडेला एका अर्थाने अनुकूल आहे. येथील खेळाडू प्रेक्षकाच्याच वयाचा, त्याच्याच गावचा व कित्येकदा त्याच्याच बाकावरचा असतो. व्यावसायिक साखळीला लक्षावधी रुपये खर्चून जी जवळीक निर्माण करावी लागते, ती येथे मुळातच उपलब्ध असते.

परदेशांतील पद्धती : अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉल व बास्केटबॉल हे मोठे उद्योग बनले आहेत. तेथील राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडासंघटना १९०६ मध्ये अस्तित्वात आली. १९८४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपणावरील संघटनेचे नियंत्रण मोडले आणि विद्यापीठे व त्यांचे समूह स्वतंत्रपणे हक्क विकू लागले. २०२१ पासून विद्यार्थी-खेळाडूंना स्वतःच्या नावाचा व प्रतिमेचा व्यापारी उपयोग करून पैसे मिळविण्याची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठांना आपल्या उत्पन्नातील वाटा थेट खेळाडूंना देता येऊ लागला. पहिल्या वर्षासाठी प्रत्येक विद्यापीठामागे त्याची कमाल मर्यादा सु. २ कोटी ५ लक्ष डॉलर ठरली. या झगमगाटामागील वस्तुस्थिती अशी, की मोजकी विद्यापीठे वगळता बहुतेकांचे क्रीडाविभाग स्वतःच्या कमाईवर चालत नाहीत. विद्यार्थ्यांचे शुल्क व विद्यापीठाचा सर्वसाधारण निधी यांतूनच त्यांची तूट भरली जाते. नवा खर्च भागविण्यासाठी जलतरण, टेनिस, जिम्नॅस्टिक्स यांसारख्या उत्पन्न न देणाऱ्या खेळांवर गदा येण्याची भीती तेथे व्यक्त होते. स्त्री-पुरुष समतेविषयीच्या १९७२ च्या कायद्याने विद्यार्थिनींच्या खेळांना संरक्षण दिले नसते, तर ही कात्री प्रथम त्यांच्यावर चालली असती, असे म्हणता येते.

जपानमधील हाकोने एकिडेन ही विद्यापीठांची सांघिक लांब पल्ल्याची शर्यत १९२० पासून होत आली आहे. दरवर्षी २ व ३ जानेवारी रोजी तोक्यो ते हाकोने व परत असे दोनशेहून अधिक किलोमीटरचे अंतर प्रत्येक संघाचे दहा धावपटू टप्प्याटप्प्याने तोडतात. एका वृत्तपत्रसमूहाचे पाठबळ, १९८७ पासून होणारे दूरचित्रवाणी प्रक्षेपण आणि नववर्षाच्या सुटीतील तिथी यांमुळे ती घराघरांतून पाहिली जाते. रस्त्याच्या कडेला उभे राहून ती फुकट पाहता येते. येथे उत्पन्नाचा स्रोत तिकीट नसून प्रायोजकत्व व विद्यापीठाला मिळणारी प्रसिद्धी हा आहे. ब्रिटनमध्ये याउलट विद्यार्थ्यांचे क्रीडामंडळ, सभासदवर्गणी व विद्यापीठाचे साहाय्य यांवर बहुतांश खेळ चालतात आणि प्रेक्षकांची अपेक्षा काही पारंपरिक सामन्यांपुरतीच धरली जाते. भारतीय महाविद्यालयांना अमेरिकेपेक्षा जपान व ब्रिटन यांच्या पद्धती अधिक जवळच्या आहेत.

नागपूर व रामदासपेठ परिसर : नागपूर विद्यापीठाची स्थापना ४ ऑगस्ट १९२३ रोजी झाली. २००५ मध्ये त्याला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव देण्यात आले. १९८३ मध्ये अमरावती व २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ स्वतंत्र झाल्यानंतर त्याचे कार्यक्षेत्र नागपूर, वर्धा, भंडारा व गोंदिया या चार जिल्ह्यांपुरते राहिले. आंतरविद्यापीठीय स्पर्धांत ते पश्चिम विभागात मोडते. सीताबर्डीच्या दक्षिणेस असलेली रामदासपेठ आणि तिला लागून असलेली धंतोली हा शहराचा मध्यवर्ती, सुशिक्षित वस्तीचा भाग. रुग्णालये, शिकवणीवर्ग व वसतिगृहे यांची येथे दाटी आहे. धंतोलीत महानगरपालिकेचे यशवंत स्टेडियम आहे, तर रविनगर भागात विद्यापीठाचे क्रीडांगण आहे. मैदाने व तरुण विद्यार्थी एकमेकांपासून फार दूर नाहीत, तथापि त्यांच्यामधील अंतर वेळापत्रकाचे आहे. सकाळी महाविद्यालय व संध्याकाळी शिकवणीवर्ग असा दिवस घालविणाऱ्या विद्यार्थ्याला सामन्याची वेळ सोयीची नसते. हिवाळी सत्रपरीक्षा व विभागीय स्पर्धा यांचा हंगामही बव्हंशी एकच असल्यामुळे खेळाडूचीही ओढाताण होते. यशवंत स्टेडियम खेळांइतकेच सभा व आंदोलने यांसाठीही परिचित आहे. राज्य विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाच्या काळात त्याच्या परिसरात धरणे धरली जातात. शहराच्या मध्यावरील मैदानावर खेळाचा हक्क नेहमीच इतर गरजांशी वाटून घ्यावा लागतो.

नागपूरची क्रीडापरंपरा समृद्ध आहे. भारताच्या पहिल्या कसोटी संघाचे कर्णधार सी. के. नायडू यांचा जन्म १८९५ मध्ये येथेच झाला. विदर्भाच्या संघाने रणजी करंडक २०१७-१८, २०१८-१९ व २०२४-२५ असा तीनदा जिंकला. तिरंदाज ओजस देवतळे याने २०२३ मध्ये बर्लिन येथे जागतिक विजेतेपद व त्याच वर्षी हांगझो आशियाई स्पर्धेत तीन सुवर्णपदके मिळविली. मुष्टियोद्धी अल्फिया पठाण २०२१ मध्ये जागतिक युवा विजेती ठरली. बॅडमिंटनमध्ये मालविका बनसोडने आंतरराष्ट्रीय नाव मिळविले. जुलै २०२५ मध्ये दिव्या देशमुख हिने बुद्धिबळातील महिला विश्वचषक जिंकला आणि हा मान मिळविणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. तिचे नागपुरात उत्साहाने स्वागत झाले व राज्य शासनाने तिला तीन कोटी रुपयांचे पारितोषिक दिले.

ही यादी गौरवास्पद असली, तरी तीतून एक प्रश्नही उभा राहतो. यांतील बहुतेकांची जडणघडण मुख्यत्वे कुटुंब, खाजगी प्रशिक्षक, अकादमी व क्रीडासंघटना यांच्या बळावर झाली. महाविद्यालयाचा वाटा तुलनेने गौण राहिला. क्रिकेटला राष्ट्रीय मंडळाच्या प्रक्षेपण-उत्पन्नाचा आधार असतो. धावणे, खोखो, कुस्ती किंवा हँडबॉल खेळणाऱ्या भंडारा-गोंदियाकडील विद्यार्थिनीला असा कोणताही आधार नसतो. तिच्यासाठी महाविद्यालय हीच एकमेव अकादमी असते. म्हणून महाविद्यालयीन क्रीडानिधी आटला, तर सुखवस्तू घरांतील खेळाडूचे फारसे बिघडत नाही. जिला दुसरे दार नाही, तिच्यापुरता मात्र खेळच संपतो. पदक मिळाल्यावर दिले जाणारे पारितोषिक कितीही मोठे असले, तरी पदकापूर्वीच्या दहा वर्षांचा खर्च त्यातून भागत नाही.

नागपुरात २०१८ पासून भरणाऱ्या खासदार क्रीडामहोत्सवात अनेक खेळांचे सामने शहरातील विविध मैदानांवर विखरून घेतले जातात व शाळकरी मुलांपासून प्रौढांपर्यंत सर्वांना त्यांत भाग घेता येतो. खेळणाऱ्याचे कुटुंब व शेजारी हाच त्याचा पहिला प्रेक्षक असतो, ही गोष्ट अशा उपक्रमांवरून स्पष्ट होते. कामठीसारख्या ठिकाणी फुटबॉलच्या सामन्यांना लोटणारी गर्दीही हेच दर्शविते. सामना वस्तीत आला, की प्रेक्षक आपोआप जमतो.

उपाययोजना : महाविद्यालयीन क्रीडेला आर्थिक स्थैर्य व प्रेक्षक मिळवून देण्याच्या दृष्टीने काही मार्ग व्यवहार्य दिसतात. पहिला मार्ग हिशेबाच्या पारदर्शकतेचा. विद्यार्थ्याने भरलेल्या क्रीडाशुल्कातून कोणत्या खेळावर किती खर्च झाला, याचे वार्षिक पत्रक महाविद्यालयाने प्रसिद्ध केल्यास शुल्काविषयीची नाराजी कमी होते व देणगीदारांचा विश्वास वाढतो. विद्यार्थी परिषदेत खेळाडूंना प्रतिनिधित्व असते. त्या प्रतिनिधीमार्फत हे पत्रक तपासले जाणे उचित होय.

दुसरा मार्ग सामायिक निधीचा. लहान महाविद्यालयांनी एकेकट्याने प्रायोजक शोधण्यापेक्षा विद्यापीठाने जिल्हावार गट करून एकत्रित प्रकल्प मांडावा आणि मिळालेल्या निधीचा ठराविक हिस्सा उत्पन्न न देणाऱ्या खेळांसाठी व विद्यार्थिनींसाठी राखून ठेवावा. असे राखीव वाटप नसल्यास प्रेक्षकप्रिय खेळ सर्व निधी गिळंकृत करतात, हा अमेरिकेचा अनुभव बोलका आहे. तिसरा मार्ग कायम ठेवींचा. माजी विद्यार्थ्यांनी दिलेल्या देणग्या त्याच वर्षी खर्च न करता त्यांच्या व्याजातून एखाद्या खेळाडूचा प्रवासखर्च किंवा आहारखर्च भागविल्यास मदत दरवर्षी मिळत राहते व देणगीदाराचे नावही टिकते.

चौथा मार्ग वेळ व मांडणी यांचा. अंतिम व उपान्त्य सामने सुटीच्या दिवशी किंवा संध्याकाळी, शक्यतो आळीपाळीने स्पर्धक महाविद्यालयांच्याच मैदानांवर घ्यावेत. परिसरातील शाळांना आमंत्रण द्यावे व सामन्यानंतर खेळाडूंनी मुलांना अर्धा तास प्राथमिक धडे द्यावेत. प्रवेश विनामूल्य ठेवावा. आपल्याकडील प्रवेशमूल्याचे संभाव्य उत्पन्न इतके अल्प आहे, की त्यासाठी प्रेक्षक गमावणे परवडत नाही. पाचवा मार्ग विद्यार्थ्यांच्याच हातून होणाऱ्या प्रसिद्धीचा. जनसंवाद शाखेच्या विद्यार्थ्यांनी चित्रण व समालोचन, वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी प्रायोजकांशी पत्रव्यवहार, संगणक शाखेच्या विद्यार्थ्यांनी गुणफलकाची व्यवस्था करावी. यूट्यूबसारख्या माध्यमांवर मराठी समालोचनासह सामना दाखविण्यास एक भ्रमणध्वनी व तिपाई पुरेशी होते. यातून विद्यार्थ्यांना व्यवसायाचा अनुभव मिळतो आणि खेळाडूच्या गावी त्याचे आईवडील प्रथमच त्याचा खेळ पाहू शकतात.

या सर्व उपायांना एक मर्यादा आहे. प्रेक्षक व प्रायोजक यांच्या आवडीवरच महाविद्यालयीन क्रीडा सर्वस्वी सोपविल्यास तिचे शैक्षणिक प्रयोजन धोक्यात येते. तंबाखू, मद्य, सट्टा यांच्याशी संबंधित उत्पादनांचे प्रायोजकत्व महाविद्यालयांनी नाकारणे आवश्यक आहे, तसेच चित्रणासाठी खेळाडूंची, विशेषतः विद्यार्थिनींची, पूर्वसंमती घेणेही अगत्याचे आहे. गर्दी खेचणे हे महाविद्यालयीन क्रीडेचे साध्य नव्हे, तर अधिकाधिक विद्यार्थ्यांना खेळावयास लावणे हे तिचे साध्य होय. आज काठावर उभा राहून सामना पाहणारा शाळकरी मुलगा किंवा मुलगी उद्या त्याच मैदानात उतरते, यातच प्रेक्षकाचे खरे मोल आहे. त्यासाठी मैदान खुले, सामना सोयीच्या वेळी आणि खेळाडूचा भाडेखर्च निश्चित असणे एवढ्या किमान गोष्टींची हमी महाविद्यालय, विद्यापीठ व शासन यांनी मिळून दिली, तर कोणाही प्राचार्यावर पुन्हा घर गहाण ठेवण्याची वेळ येणार नाही.